फोनवर आलेली पत्रिका

तक्रारदार : मी स्वतः. वय पन्नाशीच्या पुढे. शिक्षण नववी उत्तीर्ण. दहावीच्या परीक्षेस बसणे झाले नाही. व्यवसाय अर्जलेखन. बैठक नवापूर येथे, कचेरीच्या कुंपणाबाहेर, पत्र्याच्या शेडखाली.

ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते : माझ्या शेजारच्या टेबलावर एकोणीस वर्षे मुद्रांक विकणारे गृहस्थ.

जिचे नुकसान झाले ती : सीमेवरच्या डोंगरपट्ट्यातील एक विधवा शेतकरी बाई, जिचा या दोघांच्या व्यवहाराशी काही संबंध नव्हता.

दिवस : पत्रिका आली तो शुक्रवार, व त्यापूर्वीचे तीन दिवस.

साक्षीदार : ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे तेच. दुसरा साक्षीदार उपलब्ध नाही.

नावे लिहिलेली नाहीत. अर्जात नाव नसेल तर तो अर्ज वाचलाच जात नाही, असे मी आजवर समोर बसलेल्या प्रत्येकाला सांगत आलो आहे. तरीही येथे लिहीत नाही, कारण शेजारच्या टेबलावाल्यांच्या घरी मुलीच्या लग्नाची बोलणी चालू आहेत, आणि कोणाच्या मुलीचे नाव कागदावर कुठे यावे व कुठे येऊ नये, एवढे मला समजते.

प्रथम माझ्या कामाची पद्धत सांगणे आवश्यक आहे, कारण चुकीचे मूळ तिच्यात आहे.

माझ्याकडे येणारी बहुतेक माणसे डोंगरातली. घरी त्यांची बोली वेगळी, बाजारात अहिराणी किंवा गुजराती, आणि कचेरीची मराठी ही त्यांना शाळेत दुरून पाहिलेली वस्तू. ती वस्तू त्यांच्या वतीने मी वापरतो. "माझा दीर माझे शेत खातो," असे बाई सांगते, आणि मी लिहितो, "सामनेवाले यांनी अर्जदाराच्या मालकीच्या क्षेत्रात अनधिकृतपणे अतिक्रमण केले असून." बाईला ते वाचून दाखवले की ती मान हलवते आणि तिच्या चेहऱ्यावर थोडा धीर येतो. या धीराला मी माझ्या विद्येचा भाग समजतो.

अलीकडे प्रत्येक अर्जात मोबाइल क्रमांकाचा रकाना आला. डोंगरातल्या माणसाचा क्रमांक टिकत नाही. ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत गेला की सिम बदलतो, परत आला की पुन्हा बदलतो. काहींच्या गावात टॉवरच धरत नाही. म्हणून मी त्या रकान्यात माझा क्रमांक लिहू लागलो. कचेरीचा संदेश माझ्या फोनवर येई, मी तो वहीत उतरवून घेई, आणि बाजाराच्या दिवशी त्या गावच्या माणसाकडे निरोप देई. असे करणारा मी एकटा नाही, पण माझ्याइतका नेमाने करणारा दुसरा मला माहीत नाही. होता होता साठ-सत्तर घरांचे टपाल माझ्या सदऱ्याच्या खिशात येऊ लागले, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा अभिमान वाटे. फोन वाजला की समोरच्याला थांबवून मी म्हणत असे, "एक मिनिट, शासनाचा संदेश आहे."

ही बाई त्या साठ-सत्तरांतली एक. दर रविवारी चर्चला जाणारी, अंगाने किरकोळ, बोलण्यात फार शब्द न वापरणारी. नवरा वारल्यावर दिराने दरवर्षी नांगरणीच्या वेळी बांध थोडा थोडा तिच्या बाजूला सरकवला. एका वर्षाचे पाहिले तर डोळ्याला दिसू नये एवढेच. सात वर्षांचे मिळून भाताचे एक अख्खे खाचर गेले होते. उपाय एकच, सरकारी मोजणी. तिच्या वतीने मोजणीचा अर्ज मी भरला, नकाशा जोडला, आणि मोबाइलच्या रकान्यात माझा क्रमांक लिहिला. "तारीख माझ्या फोनवर येईल. तुम्ही निश्चिंत राहा," असे मी तिला म्हणालो. ज्या शेजाऱ्यांच्या बाजूने बांध आहे, त्यांना नोटीस कागदावर जाते. अर्जदाराला संदेश मोबाइलवर. म्हणजे तारीख दिराला घरपोच कळणार होती, आणि बाईला केवळ माझ्याकडून.

आता शुक्रवारचे.

सकाळी मी टेबल पुसून बसलो होतो. शेजारचे मुद्रांकवाले त्या दिवशी उशिरा येणार होते. माझा फोन वाजला. त्यांच्या क्रमांकावरून लग्नपत्रिका आली होती. चित्र दिसत नव्हते, फक्त एक फाइल आणि तिच्यावर "लग्नपत्रिका" ही अक्षरे.

मला संशय आला नाही. आमच्याकडे परक्या संदेशांची सवयच असते. नवापुरात बसल्या जागी फोन गुजरातचा टॉवर धरतो आणि गुजरातीतून स्वागत करतो. थोड्या वेळाने पुन्हा महाराष्ट्रात आल्याबद्दल मराठीतून स्वागत होते. पण खरे कारण ते नाही. मला राग आला होता, आणि रागात माणूस संशय घेत नाही. एकोणीस वर्षे एका शेडखाली बसलेल्या माणसाने पहिल्या लेकीची पत्रिका फोनवर धाडावी? आमच्याकडे पत्रिका हातात देतात. तिच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेले असते, सोबत अक्षता असतात, आणि देणारा दारात उभा राहून "सगळ्यांनी यायचं बरं का," म्हणतो. त्यांच्या मुलीच्या बालवाडीच्या दाखल्याचा अर्ज माझ्या हातचा आहे.

मी फाइल दाबली ती का, हेही लिहिणे आवश्यक आहे; तक्रारदाराने सत्य लपवू नये. पत्रिकेत शेवटी नावांची यादी असते. निमंत्रक, विनीत, व्यवस्थापक. मला पाहायचे होते की त्या यादीत माझे नाव कुठे आहे. विनीतमध्ये नाही तर निदान व्यवस्थापकात असावे, असा माझा हिशेब होता. फोनने विचारले, अनुमती द्यायची का. मी दिली. पुन्हा विचारले, संदेश वाचण्याची अनुमती द्यायची का. मी दिली. मी लोकांना नेहमी सांगतो की कचेरीने जे विचारले त्याला हो म्हणावे, फाटे फोडू नयेत. चार वेळा विचारणा झाली आणि चारही वेळा मी हो म्हटले. मग पडदा क्षणभर पांढरा झाला आणि ती फाइल दिसेनाशी झाली. नाव काही दिसले नाही.

मुद्रांकवाले दुपारी आले. मी त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनीही फारसे बोलणे काढले नाही, आणि मला वाटले, त्यांना आपल्या वागण्याची लाज वाटत असावी. पुढचा आठवडा आम्ही दोघांनी चार हातांच्या अंतरावर बसून एकमेकांकडे न पाहता काम केले.

आठ दिवसांनी एक म्हातारे गृहस्थ डोंगरातून आले. काखेत कोंबडा होता.

"साहेब, लगीन कोणाचं आहे?" ते म्हणाले.

"कोणाचे लग्न?"

"तुमच्याकडंच ना. पत्रिका आली तुमची. उघडेना. मग म्हटलं, जाऊनच विचारावं. हा घ्या."

माझ्या दोन्ही मुलांची लग्ने होऊन काही वर्षे झाली आहेत, हे मी त्यांना समजावले. त्यांनी कोंबडा परत घेतला नाही. "आणलाच आहे तर राहू द्या," म्हणाले. त्या सकाळी आणखी दोघांनी तेच विचारले, आणि एकाने तर विचारले की साहेब, या वयात दुसरं का? शेडखालच्या लोकांना हसू आवरेना. मी कोंबडा टेबलाच्या पायाला बांधला आणि फोन घेऊन मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो.

दुकानदार बाईंनी फोन उलटसुलट केला, दोन-चार ठिकाणी दाबले, आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले.

"काका, ही पत्रिका नव्हती. ॲप होतं. तुम्ही त्याला सगळं दिलंत."

"मी केवळ चार वेळा अनुमती दिली."

"चार पुरेशा होतात," त्या म्हणाल्या. "हे तुमचे मेसेज वाचत होतं, तिकडे पाठवत होतं, आणि इथून पुसत होतं. वर तुमच्या नावानं सगळ्यांना तीच पत्रिका. बँकेत फोन करा आधी."

बँकेत फोन केला. तिथे चोराने नेण्यासारखे फार नव्हते व काही गेलेही नव्हते. सायबर मदतीच्या क्रमांकावर तक्रार नोंदवली. दुकानदार बाईंनी फोन धुऊन काढावा तसा रिकामा करून दिला. मी ओळखीच्या प्रत्येकाला निरोप दिला की माझ्या नावाने आलेली पत्रिका उघडू नये. एवढे केल्यावर माझे समाधान झाले. जे संदेश वाचले आणि पुसले गेले ते केवळ माझे नव्हते, हा विचार त्या दिवशी माझ्या मनात आला नाही, हे येथे नमूद करतो.

तो विचार घेऊन ती विधवा बाई आली. पुढच्या पंधरवड्यात, हातात घडी घातलेला एक कागद. तो तिला गावात कोणीतरी वाचून दाखवला होता, आणि तिला वाटत होते की वाचणारा चुकला असावा. म्हणून ती माझ्याकडे आली होती.

कागदावर मोजणीची तारीख होती, होऊन गेलेली. भूकरमापक आले होते. सामनेवाले हजर. त्याखाली लिहिले होते : "अर्जदार गैरहजर." त्यापुढे : "सबब मोजणी करता आली नाही." आणि त्याखाली दिराचा जबाब : आहे त्या बांधाबद्दल कोणाची हरकत दिसत नाही.

"दादा," ती म्हणाली, "मी तिथंच होते. तिसऱ्या खाचरात. भात झोडत होते. मोजणीवाले आले, ते मला दिसले. मला वाटलं, कोणाची तरी मोजणी आहे."

"दिराने पाहिले नाही?"

"पाहिलं ना. पाणी पण नेलं माझ्याच हंड्यातनं, त्यांना पाजायला."

मी कितीतरी अर्जांत "गैरहजर" हा शब्द लिहिला आहे. तो दुसऱ्या बाजूच्या माणसांसाठी असतो, जे जाणूनबुजून येत नाहीत. भात झोडता झोडता मान वर करून आपल्याच मोजणीकडे परक्यासारखी पाहणारी बाई या शब्दात बसत नाही. परंतु कागदावर ती बसवली गेली होती, आणि ती बसवण्यात माझा हात होता.

तिने एवढेच विचारले, "तारीख तुमच्या फोनवर येणार होती ना?"

मी हो म्हणालो. तिला घरी जाऊ दिले नाही. तिला घेऊन कचेरीत गेलो. लिपिकांनी ऐकून घेतले. नव्याने अर्ज केला तर नंबर पुढच्या हंगामानंतर. तोवर दीर त्या बांधावर पुन्हा नांगर घालणार. मात्र गैरहजेरी अर्जदाराच्या दोषाने नव्हती असे दाखवले, तर साहेब याच अर्जावर फेरतारीख देऊ शकतात. त्यासाठी फोन ज्याचा त्याचे लेखी निवेदन, आणि ते कसे घडले हे माहीत असलेल्या एका माणसाची साक्षीदार म्हणून सही. "तुमचं एकट्याचं चालायचं नाही," लिपिक म्हणाले. "तुम्हीच अर्ज लिहिणारे, तुम्हीच चूक करणारे, तुम्हीच सांगणारे."

निवेदन मी त्याच दिवशी लिहिले. "हॅक" या शब्दासाठी मराठी शब्द शोधण्यात बराच वेळ गेला. शेवटी लिहिले : माझ्या फोनवर अज्ञात इसमांनी केलेल्या अतिक्रमणामुळे अर्जदार यांना त्यांच्या शेतावरील अतिक्रमणाच्या मोजणीची सूचना मिळू शकली नाही. लिपिकांनी वाचून विचारले, यातले कोणते अतिक्रमण कोणाचे? मी सांगितले, दोन्ही खरी आहेत.

आता साक्षीदार. दुकानदार बाईंनी फोन पाहिला तो आठ दिवसांनी, म्हणून त्यांची सही चालत नव्हती. पत्रिका मुद्रांकवाल्यांच्या क्रमांकावरून आली होती, म्हणजे त्यांचा फोनही आधी गेला असणार. तोवर माझी समजूत अशी होती की त्यांना याची कल्पना नव्हती, आणि मी त्यांच्याशी आठवडाभर अबोला धरला ही माझीच चूक. मी मनात दिलगिरीचे वाक्य जुळवत शेडकडे आलो. ते टेबलावर नव्हते. मी चहावाल्या मावशींना विचारले, आणि बोलता बोलता पत्रिकेचे सांगितले.

मावशी अहिराणीत म्हणाल्या, "हाई पत्रिका ना? माले ते त्यासनी कव्हयनंच सांगेल शे. मंगळवारले. 'मावशी, मन्हा फोन खराब व्हयेल शे, काही उनं ते दाबू नका,' म्हने."

"कोणत्या मंगळवारी?"

मावशींनी दिवस मोजले. माझ्या शुक्रवारच्या आधीचा मंगळवार. त्यांनी मावशींना सांगितले होते, झेरॉक्सवाल्याला सांगितले होते, त्यांच्या आळीत घरोघर सांगितले होते. तीन दिवस ते माझ्या बाजूला बसून मुद्रांक विकत होते. माझ्या टेबलावरची पेनाची शाई संपली तेव्हा आपले पेन त्यांनी मला दिले होते. तोंडातून एक वाक्य मात्र काढले नव्हते.

त्यानंतर मी त्यांना विचारले ते चारचौघांत नाही. टेबले आवरून झाल्यावर, शेड रिकामी असताना.

"नाना, तुम्हाला मंगळवारीच माहीत होते."

ते कुलूप लावत होते. लावून झाले. मग म्हणाले, "व्हतं."

"मग मला का सांगितले नाही?"

"तुम्हले सांगतू ते तुम्हीन मालेच अर्ज लिखाले बसाडतात. आनि मंग आख्खा बजारले वाची दखाडतात." कुलूप ओढून पाहत म्हणाले, "त्या चुकीना टायमले कसं करं व्हतं तुम्हीन, भुली गयात का?"

काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडून एका मुद्रांकावर चुकीची नोंद झाली होती आणि मी ती चूक शेडखाली सर्वांसमोर दाखवून दिली होती. ती दुरुस्तीसाठी होती. त्यांनी ती इतकी वर्षे वेगळ्या खात्यात ठेवली, हे मला ठाऊक नव्हते. मी तसे म्हणालो.

"आनि ती पत्रिका," ते म्हणाले, "ती पोरना सासरकडच्यासलेबी गयी. ज्यास्नासंगे बोलनी चालू शे त्यासले. त्यासले वाटनं, आमीन पोरनं दुसरीकडे ठराई टाकं. चार दिन दारमा उभं ऱ्हाऊ दिधं नही माले. मी कोनले काय काय सांगत फिरू?"

हे ऐकून माझा राग थोडा बसला. मी निवेदन काढून त्यांच्यापुढे धरले. बाईची सगळी हकीकत सांगितली, तिसरे खाचर, भात, दिराचा जबाब. त्यांनी कागद हातात घेतला नाही, पण शेवटपर्यंत वाचला. वाचताना त्यांचे ओठ हलतात; एकोणीस वर्षे मी ते पाहतो आहे.

"माले सही करता येवाव नही," ते म्हणाले. "सही करी ते कागदवर ऱ्हाई. पाव्हना कचेरीमाच कामले शे. नवरदेवना भाऊ."

"बाईचे शेत जाते आहे, नाना."

"माहीत शे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि जे विचारले ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. "मी तुम्हले पत्रिका फोनवर धाडसू, आसं तुम्हले वाटनं तरी कसं?"

मी निवेदनाची घडी घालून खिशात ठेवली. ते सायकलवर बसून गेले.

तेव्हापासून आमची टेबले जिथल्या तिथे आहेत. माणसे मुद्रांक त्यांच्याकडून घेतात आणि मजकूर माझ्याकडून लिहून घेतात. कामापुरते "दोन द्या", "इथे शिक्का" एवढे होते. मोबाइलच्या रकान्यात मी आता माझा क्रमांक लिहीत नाही. ज्याचा नाही त्याच्या गावातल्या शिक्षिकेचा किंवा आरोग्य खात्याच्या आशाताईंचा लिहितो, त्यांना आधी विचारून. जे आधीचे साठ-सत्तर आहेत त्यांच्याकडे एकेक करून जातो आहे. ज्या गावी गेलो तिथे लोकांनी मला चहा दिला, आणि मी सांगितलेले ऐकून घेतले, आणि एका घरात माझ्यासमोरच त्यांनी आपसात आपल्या बोलीत काहीतरी बोलून मान हलवली. ते काय बोलले मला कळले नाही. त्यांचे अर्ज मी लिहितो, पण त्यांची बोली मी शिकलो नाही.

बाई दोनदा येऊन गेली. दुसऱ्यांदा तिने विचारले, "ते दादा सही करतील का?" मी म्हणालो, विचारतो. तिने मुद्रांकवाल्यांच्या टेबलाकडे पाहिले. ते मान खाली घालून नोंदवही लिहीत होते. दिराने अजून नांगर धरलेला नाही, एवढे तिच्याकडून समजले.

म्हणून हे लिहिले. कचेरीसाठीचे निवेदन वेगळे आहे व ते माझ्या सहीनिशी तयार आहे. हे आपल्यासाठी, नाना. आपण माझ्यापासून तीन दिवस लपवले, त्याबद्दल मी कोणाकडेही दाद मागत नाही. मीही आपल्याला ओळखण्यात कमी पडलो, हे मान्य करतो. आपल्या मुलीच्या सोयरिकीला बाध येईल असा एकही शब्द त्या निवेदनात ठेवलेला नाही. पत्रिकेचा उल्लेख काढून "एक फाइल" असे लिहिले आहे, आणि ती कोणाकडून आली हे लिहिलेले नाही. साक्षीदाराने एवढेच म्हणायचे आहे की त्या काळात या इसमाच्या फोनवर संदेश पोचत नव्हते, हे मला माहीत आहे. हे आपल्याला माहीत आहे.

तरी मेहेरबानांनी सोबत जोडलेले ते निवेदन वाचून, पुढील बाजाराच्या दिवसाच्या आत, शेवटच्या ओळीखाली सही करावी. सही करणे शक्य नसल्यास, तसे का नाही याचे उत्तर त्या बाईला, ती समोर उभी असताना, तोंडी द्यावे, ही नम्र विनंती.

आपला शेजारी,
अर्जलेखक